जुन्या ग्रंथाच्या उरलेल्या प्रती कशा शोधाव्यात: पहिल्यांदा हे काम हाती घेणाऱ्यांसाठी

छापील पुस्तकाच्या सगळ्या प्रती सारख्याच असतात, हा समज आधी सोडून द्यावा लागतो. हातछपाईच्या काळात, म्हणजे साधारण १४५० ते १८०० या साडेतीनशे वर्षांत, छपाई चालू असतानाच चुका दुरुस्त केल्या जात. कागद महाग असल्यामुळे दुरुस्तीआधी छापून निघालेले तावही फेकले जात नसत, तेही पुस्तकात वापरले जात. हे ताव पुष्कळदा न बांधताच विकले जात आणि घेणारा आपल्या ऐपतीप्रमाणे बांधणी करून घेई. पुढच्या तीन-चारशे वर्षांत कुणी समासात टिपा लिहिल्या, कुणी आधीच्या मालकाचे नाव खोडले, कुणी चित्रे कापून घेतली, कुणी हरवलेल्या पानाच्या जागी दुसऱ्या प्रतीतले पान आणून बसवले. शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला एकत्रित संग्रह, ‘पहिला फोलिओ’, १६२३ साली निघाला. वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात त्याच्या ८२ प्रती आहेत. चार्ल्टन हिनमन या अभ्यासकांनी त्यांतल्या पन्नासहून अधिक प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या. त्यासाठी त्यांनी आरसे आणि दिवे बसवलेले एक यंत्र बनवले, ज्यात दोन प्रतींची तीच पाने एकावर एक दिसत आणि फरक असेल तिथे अक्षर लुकलुकत असे. त्या प्रतींमध्ये त्यांना शेकडो बारीकसारीक फरक सापडले.

म्हणून एखाद्या ग्रंथाच्या उरलेल्या प्रतींची गणना करणे म्हणजे ‘इतक्या प्रती शिल्लक’ असा आकडा काढणे नव्हे. प्रत्येक प्रत ओळखू येईल अशी नोंदवायची, तिचा प्रवास लिहायचा आणि पुढे ती कुठेही दिसली तरी ‘हीच ती’ असे म्हणता यायला हवे. हे काम शिकता येते. ते करताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवा, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे: तालिकेतली, म्हणजे ग्रंथालयाच्या कॅटलॉगमधली, नोंद म्हणजे प्रत नव्हे. नोंद हा फक्त माग असतो. प्रत डोळ्यांनी पाहीपर्यंत, निदान तिची नेमकी छायाचित्रे मिळेपर्यंत, ती तुमच्या गणनेत पक्की धरू नका.

काय मोजायचे ते आधी लिहून काढा

पहिल्या कामासाठी गाजलेला ग्रंथ निवडू नका. गुटेनबर्गच्या बायबलचे किंवा कोपर्निकसचे काम अनेक पिढ्यांच्या अभ्यासकांनी केलेले आहे. ज्याच्या काही डझन प्रती असाव्यात असे वाटते, ज्याची एक तरी प्रत तुम्हाला वारंवार हाताळता येते आणि ज्याची भाषा तुम्हाला वाचता येते, असा ग्रंथ घ्या. प्रती फार कमी असतील, तर तुलनेला काही उरत नाही. फार जास्त असतील, तर नवखा माणूस पत्रव्यवहारातच बुडतो.

मोठा आणि महाग ग्रंथ टिकतो, कारण तो जपून ठेवला जातो आणि कमी हाताळला जातो. लहान, स्वस्त, रोजच्या वापरातली पुस्तके नाहीशी होतात. एडगर अ‍ॅलन पो यांचे १८२७ चे पहिले काव्यपुस्तक, ‘टॅमरलेन’, म्हणजे एक पातळशी पुस्तिका होती; तिच्या जेमतेम डझनभर प्रती ठाऊक आहेत. फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६, १६४९ आणि १६५४ असे तीन वेळा छापले गेले. या तिन्हींपैकी एकाचीही छापील प्रत आज ठाऊक नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो हस्तलिखितांतून. अशा वेळी गणनेचा निकाल शून्य येतो, आणि तो शून्यही नीट शोध घेऊन लिहिलेला असेल तर मोलाचा असतो.

मग मर्यादा ठरवा. तुम्ही एक आवृत्ती मोजताय की सगळ्या? आवृत्ती म्हणजे खिळ्यांच्या एकाच जुळणीवरून छापलेल्या सगळ्या प्रती. पुस्तक विकले गेले नाही की विक्रेते जुन्याच तावांना नवे शीर्षकपान लावून ‘नवी आवृत्ती’ म्हणून बाजारात आणत. ते जमेस धरणार का? सुट्या पानांचे काय? जुन्या ग्रंथांची पाने पुढच्या काळात दुसऱ्या पुस्तकांच्या बांधणीत भरणा म्हणून वापरली गेली, आणि अलीकडे विक्रीसाठी ग्रंथ मुद्दाम सोडवलेही गेले. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका विक्रेत्याने गुटेनबर्ग बायबलची एक अपुरी प्रत सोडवून तिची पाने सुटी विकली. ती पाने आज अनेक ठिकाणी आहेत, पण म्हणून त्या तितक्या प्रती होत नाहीत. माझा सल्ला असा की तुकड्यांची यादी वेगळी ठेवा आणि किती पानांपर्यंत ‘तुकडा’ म्हणायचे ते पहिल्याच दिवशी लिहून टाका. हे नियम मध्येच बदलले तर आधीच्या सगळ्या नोंदी पुन्हा तपासाव्या लागतात.

पूर्ण प्रत कशी असते, हे ठाऊक हवे

कुठल्या प्रतीत काय कमी आहे हे सांगायचे तर मुळात काय असायला हवे ते माहीत पाहिजे. त्यासाठी ग्रंथाची फर्म्यांनुसार, म्हणजे ताव दुमडून होणाऱ्या पानांच्या गटांनुसार, रचना मांडा. ताव एकदा दुमडला तर दोन पत्रे (पत्र म्हणजे दोन्ही बाजू मिळून एक पान) होतात, त्याला फोलिओ म्हणतात. दोनदा दुमडला तर चार पत्रांचा क्वार्टो, तीनदा दुमडला तर आठ पत्रांचा ऑक्टाव्हो. बांधणाऱ्याला क्रम कळावा म्हणून फर्म्याच्या पहिल्या काही पत्रांच्या तळाशी अ१, अ२, अ३ अशा धाटणीच्या खुणा छापलेल्या असतात. पानांच्या आकड्यांपेक्षा या खुणांवर भिस्त ठेवा, कारण जुन्या छापखान्यांत पृष्ठांक सर्रास चुकत. १७५ नंतर एकदम १८६ आले म्हणून दहा पाने गहाळ आहेत, असे समजू नका. खुणा सलग असतील तर पानेही सलग आहेत.

कागदही साक्ष देतो. हाती बनवलेला कागद उजेडाकडे धरला की त्यात ठरावीक अंतरावर रेघा आणि कुठेतरी जलचिन्ह दिसते. फोलिओत या रेघा उभ्या येतात आणि जलचिन्ह साधारण पत्राच्या मध्याशी. क्वार्टोत रेघा आडव्या आणि जलचिन्ह शिवणीच्या घडीत. ऑक्टाव्होत रेघा पुन्हा उभ्या आणि जलचिन्ह शिवणीकडच्या वरच्या कोपऱ्यात. सगळ्या पुस्तकात रेघा उभ्या आणि मध्येच एका पत्रावर त्या आडव्या असतील, तर ते पत्र तिथले नाही असा संशय घ्या.

ही रचना एकाच प्रतीवरून मांडू नका. निदान दोन-तीन प्रती, त्या डिजिटल असल्या तरी चालतील, शेजारी ठेवून पाहा. ‘हॅम्लेट’च्या १६०३ च्या पहिल्या छापील रूपाच्या फक्त दोन प्रती ठाऊक आहेत. १८२३ मध्ये सापडलेल्या प्रतीत शेवटचे पान नाही, १८५६ मध्ये सापडलेल्या प्रतीत शीर्षकपान नाही. ३३ वर्षे नाटकाच्या त्या रूपाचा शेवट कुणालाच वाचता आला नव्हता.

नोंदपत्रक

शोध सुरू करण्याआधी प्रत्येक प्रतीसाठी एकसारखे नोंदपत्रक तयार करा. साधी स्प्रेडशीट पुरते. त्यात प्रतीचा तुमचा क्रमांक, संस्था, बोधांक (ग्रंथालयातली तिची जागा सांगणारा क्रमांक), दाखल क्रमांक, पत्राची उंची आणि रुंदी मिलिमीटरमध्ये, गहाळ पत्रे, नक्कल करून बसवलेली पत्रे, बांधणी, मालकीच्या खुणा, समासातल्या टिपा, शिक्के, कुणाकडून कधी आली, आणि माहिती कशावरून घेतली हे रकाने हवेत. शेवटचा रकाना नवखे गाळतात, पण तोच सर्वांत महत्त्वाचा. ‘स्वतः पाहिली’, ‘छायाचित्रांवरून’, ‘ग्रंथपालाच्या पत्रावरून’, ‘फक्त तालिकेवरून’ अशा चार पायऱ्या ठेवा आणि प्रत्येक नोंदीला तारीख घाला. काही वर्षांनी कुणी तुमचे काम पुढे नेईल, तेव्हा कुठून सुरुवात करायची हे त्याला यावरूनच कळेल.

तालिकांमधला शोध

पंधराव्या शतकातल्या ग्रंथांसाठी ब्रिटिश लायब्ररीत सुरू झालेली आयएसटीसी ही यादी आहे. तिच्यात सुमारे ३०,००० आवृत्त्या आणि त्यांच्या प्रती असलेली ग्रंथालये नोंदलेली आहेत. त्याच काळातल्या एकेका प्रतीच्या मालकीचा इतिहास नोंदवणारी एमईआय ही वेगळी यादी आहे. युरोपात छापलेल्या नंतरच्या ग्रंथांसाठी सेंट अँड्र्यूज विद्यापीठाची यूएसटीसी, इंग्रजी ग्रंथांसाठी ईएसटीसी, जर्मन भाषिक प्रदेशासाठी व्हीडी १६, १७ आणि १८, इटलीच्या सोळाव्या शतकासाठी एडिट १६. जगभरच्या ग्रंथालयांसाठी वर्ल्डकॅट. एकाच वेळी अनेक देशांच्या तालिका धुंडाळायला कार्ल्सरूहेचे केव्हीके हे शोधस्थळ उपयोगी पडते. अमेरिकेतल्या ग्रंथालयांची १९५६ पूर्वीच्या प्रकाशनांची छापील संयुक्त तालिका ७५४ खंडांची आहे आणि तिच्यातल्या काही नोंदी आजही संगणकावर मिळत नाहीत.

या याद्या पाहताना एकाच शब्दावर थांबू नका. लॅटिन शीर्षकांत ‘यू’ आणि ‘व्ही’, ‘आय’ आणि ‘जे’ यांची अदलाबदल होते. गावांची नावे लॅटिन असतात: ‘अर्जेंटोराटुम’ म्हणजे स्ट्रासबुर्ग, ‘लुग्दुनुम’ म्हणजे फ्रान्समधले ल्याँ, पण ‘लुग्दुनुम बाटाव्होरुम’ म्हणजे नेदरलँड्समधले लायडन. घाईत तालिका करणाऱ्यांनी ही दोन शहरे अनेकदा एकमेकांत मिसळलेली आहेत. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत अधिकृत वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे फेब्रुवारीत छापलेल्या पुस्तकावर आपल्या हिशेबाने मागचे वर्ष दिसू शकते. लेखकाच्या नावाने, शीर्षकाने, मुद्रकाच्या नावाने आणि फक्त वर्ष व गाव घालून, असा चारही बाजूंनी शोध घ्या.

आता नोंद आणि प्रत यांतले अंतर. मायक्रोफिल्म, छायाप्रत किंवा ऑनलाइन डिजिटल प्रत असलेली ग्रंथालयेही मूळ ग्रंथाचीच नोंद उचलून आपल्या तालिकेत घालतात. संयुक्त तालिकेत मग पंचवीस ग्रंथालये दिसतात आणि त्यांतली मूळ प्रत असलेली चारच निघतात. उलटही घडते. शीर्षकपान गेलेली प्रत भलत्याच नावाखाली झोपून असते. फ्रान्समधल्या सेंत-ओमेर गावच्या ग्रंथालयात पहिल्या फोलिओची एक प्रत शेकडो वर्षे होती. सुरुवातीची पाने गेल्यामुळे ती अठराव्या शतकातली आवृत्ती समजली जाई. २०१४ मध्ये एका प्रदर्शनाची तयारी करताना तिथल्या ग्रंथपालाला शंका आली आणि ती ओळखली गेली. टिंडेल यांनी इंग्रजीत आणलेल्या बायबलच्या नव्या कराराच्या १५२६ च्या आवृत्तीची शीर्षकपानासह असलेली एकमेव ज्ञात प्रत १९९६ मध्ये श्टुटगार्टच्या ग्रंथालयात सापडली. ती कुणी लपवली नव्हती. ती नोंदलेलीच होती, फक्त ती काय आहे हे कुणी ताडले नव्हते. म्हणून तालिकेत ‘शीर्षकपान नाही’, ‘अपूर्ण’, ‘वर्ष अज्ञात’ असे काही दिसले की मी तिथे हमखास थांबते. अनेक पुस्तके एकत्र बांधलेल्या खंडांकडेही असेच पाहा, कारण जुन्या तालिका करणाऱ्यांनी कित्येकदा पहिल्याच पुस्तकाचे नाव लिहून खंड बाजूला ठेवला आहे.

जिचा फक्त उल्लेख आहे पण प्रत नाही, अशी आवृत्ती झटकन खोटी ठरवू नका. शेक्सपिअरचे ‘टायटस अँड्रॉनिकस’ हे नाटक १५९४ साली छापले गेल्याचा उल्लेख १६९१ मध्ये जेरार्ड लँगबेन यांनी केला होता. पुढे दोनशेहून अधिक वर्षे त्या आवृत्तीची एकही प्रत कुणाच्या पाहण्यात नव्हती. १९०४ मध्ये स्वीडनमध्ये एक प्रत सापडली. आजही ती एकमेव आहे.

जुन्या याद्या, लिलाव, बंद झालेली ग्रंथालये

तुमच्या आधी कुणी अशी गणना केली असेल तर ती आधी मिळवा आणि तिच्यातले प्रत्येक नाव पुन्हा तपासा. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’च्या १६८७ च्या पहिल्या आवृत्तीच्या १८९ प्रती १९५३ च्या गणनेत आढळल्या होत्या. मोर्दखाय फाइनगोल्ड आणि आंद्रेज स्वोरेन्चिक यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणनेत हा आकडा ३८० च्या पुढे गेला. पहिली गणना शीतयुद्धाच्या काळातली असल्यामुळे पूर्व आणि मध्य युरोपातल्या पुष्कळ प्रती तिच्यात आल्याच नव्हत्या. म्हणजे मागच्या माणसाला कुठे पोहोचता आले नाही हे पाहिले की तुमची पुढची दिशा सापडते.

लिलावांच्या आणि विक्रेत्यांच्या छापील याद्या चाळणे कंटाळवाणे असते, पण खाजगी हातांतून गेलेल्या प्रतींचा माग बहुधा तिथेच लागतो. मठ, महाविद्यालये, सरदारघराणी यांची जुनी ग्रंथसंग्रहांची टिपणेही पाहा. युद्धे आणि आगी लक्षात ठेवा: लुव्हँचे विद्यापीठ ग्रंथालय १९१४ मध्ये आणि पुन्हा १९४० मध्ये जळले, वायमारच्या आना आमालिया ग्रंथालयातल्या २००४ च्या आगीत सुमारे ५०,००० ग्रंथ गेले. लाइपझिगमधल्या गुटेनबर्ग बायबलच्या दोन प्रती दुसऱ्या महायुद्धानंतर मॉस्कोला गेल्या. जुन्या यादीत लाइपझिग लिहिलेले असेल, तर ती प्रत नष्ट झाली असे मानण्याआधी पुढचा शोध घ्यायला हवा.

ग्रंथालयांना पत्र लिहिताना

बहुतेक प्रती तुम्ही स्वतः पाहू शकणार नाही. त्या तुमच्यासाठी दुसरा ग्रंथपाल पाहील, तेही आपले काम सांभाळून. म्हणून पत्र लहान ठेवा, जमेल तर त्या देशाच्या भाषेत लिहा आणि बोधांक आठवणीने द्या. तो नसेल तर त्याचा निम्मा वेळ पुस्तक शोधण्यातच जातो. चार-पाच प्रश्नांपेक्षा जास्त विचारू नका. ‘आपल्या प्रतीविषयी सर्व माहिती द्यावी’ असे लिहिले तर उत्तर येत नाही किंवा तालिकेतलीच नोंद परत येते. त्यापेक्षा असे लिहा:

‘आपल्याकडील या बोधांकाचा ग्रंथ मूळ छापील प्रत आहे की नंतरची नक्कल? शीर्षकपानाच्या पत्राची उंची किती मिलिमीटर आहे? सोबतच्या यादीतील चित्रांपैकी एखादे गहाळ आहे का? कुठे हस्ताक्षर, नाव, शिक्का किंवा पुसलेला मजकूर आहे का? पृष्ठ ४७ वर शेवटून तिसऱ्या ओळीत सोबतच्या चित्रातला पहिला पाठ आहे की दुसरा?’

शेवटच्या प्रश्नासाठी दोन्ही पाठांची, म्हणजे त्या जागच्या मजकुराच्या दोन्ही रूपांची, छायाचित्रे जोडा, म्हणजे ती भाषा न येणारा माणूसही चित्र जुळवून उत्तर देऊ शकतो. छायाचित्रे मागायची तर शीर्षकपान, शेवटचे पान, पुठ्ठा व पुस्तकाची पाठ, पुठ्ठ्याच्या आतली बाजू आणि खुणा असलेली पाने एवढीच मागा. फोनवर काढलेली चालतील हे स्पष्ट लिहा, नाहीतर ते पत्र छायाचित्रण विभागाकडे जाऊन शुल्काच्या चक्रात अडकते.

दीड-दोन महिन्यांनी एकदा विनम्र आठवण करा. ‘आमच्याकडे ही प्रत नाही’ हे उत्तरही तारखेसह नोंदवा, कारण तालिकेत ती दिसत राहील आणि पुढचा अभ्यासक पुन्हा तेच विचारेल. आणि तुम्हाला जे कळले ते त्यांना कळवा. त्यांच्या प्रतीत एखादे पान नकली आहे, किंवा समासातले अक्षर अमक्याचे आहे, हे समजले तर ग्रंथपालाला खरोखर आनंद होतो. मी स्वतः अशी पत्रे प्रतीच्या नोंदीला जोडून ठेवते.

प्रत समोर आल्यावर

हात धुऊन कोरडे करा. छापील कागदासाठी हातमोजे नकोत. त्यांनी बोटांची जाण जाते आणि पान फाटते. पेन्सिल, मोजपट्टी, भिंग आणि पानामागून उजेड देणारी पातळ दिव्याची पट्टी एवढे बस. पुस्तक आधारावर ठेवा आणि जेवढे उघडेल तेवढेच उघडा.

लगेच शीर्षकपान उघडू नका. बाहेरून आत जा. पुठ्ठा कशाचा आहे, त्यावर साखळीच्या कडीची खूण आहे का, पानांच्या उघड्या कडेवर शाईने नाव लिहिले आहे का? एके काळी पुस्तके कडा पुढे करून ठेवत, तेव्हा नाव तिथे लिहीत. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाने आपली पहिल्या फोलिओची प्रत सतराव्या शतकात हातची घालवली होती. १९०५ मध्ये एक तरुण आपल्या घरातली खराब झालेली प्रत दुरुस्तीबाबत विचारायला तिथेच घेऊन आला. बांधणीच्या बारकाव्यांवरून तिथल्या लोकांनी ओळखले की ही आपलीच हरवलेली प्रत. १९०६ मध्ये वर्गणी काढून ती परत घेतली गेली. तिची बांधणी मध्यंतरी कुणी ‘सुंदर’ करून टाकली असती, तर हे कधीच कळले नसते. त्या प्रतीत ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची पाने सर्वांत जास्त झिजलेली आहेत. सतराव्या शतकातले विद्यार्थी काय वाचत होते, हे कुठल्याही दप्तरात लिहिलेले नाही, पण त्या कागदावर आहे.

पुठ्ठ्याची आतली बाजू आणि अस्तराची पाने सावकाश पाहा. नावे, जुने बोधांक, विक्रेत्यांनी पेन्सिलीने लिहिलेल्या सांकेतिक किमती, चिकटवलेल्या बुकप्लेट (मालकाच्या नावाच्या छापील चिठ्ठ्या), आणि एक काढून दुसरी लावली असेल तर खालचा फिका चौकोन. खोडलेले किंवा धुतलेले नाव साध्या उजेडात दिसत नसेल, तर ग्रंथालयाला अतिनील दिव्याबद्दल विचारा. जुनी लोहयुक्त शाई फिकट झाली तरी त्या उजेडात पुष्कळदा वाचता येते. जे वाचता येते ते जसेच्या तसे उतरवा, शुद्धलेखन सुधारू नका. वाचता येत नाही तिथे तसे लिहा आणि छायाचित्र घ्या. तर्काने भरलेले नाव एकदा यादीत गेले की पुढचे सगळे तेच उचलतात.

मग पहिल्यापासून शेवटपर्यंत पत्र न्‌ पत्र उलटून फर्मे मोजा. इथे उतावीळपणा चालत नाही. कसरीने पाडलेली छिद्रे आणि पाण्याचे डाग तुम्हाला मदत करतात: सलग वीस पत्रांत एकाच जागी छिद्र आहे आणि मधल्या एकाच पत्रात नाही, तर ते पत्र नंतर आलेले आहे. समासातल्या टिपांची शेवटची अक्षरे कापली गेली असतील, तर त्या टिपा सध्याच्या बांधणीच्या आधीच्या आहेत, कारण नवी बांधणी करताना कडा छाटल्या जातात. हाताने काढलेल्या नकलांपासून विशेष सावध राहा. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये जॉन हॅरिस हे गृहस्थ हरवलेल्या पानांच्या इतक्या हुबेहूब नकला काढत की मूळ कोणते ते ओळखू येईना, आणि ब्रिटिश म्युझियमसाठी केलेल्या पानांवर त्यांना सही करायला सांगण्यात आले. अशा पानावर छपाईच्या दाबाने उमटलेला ठसा नसतो. तिरपा उजेड टाकला की ते कळते.

समासातल्या टिपांवर माझा जीव आहे, आणि त्याला कारण खगोलशास्त्राच्या इतिहासाचे अभ्यासक ओवेन गिंजरिच यांचे काम आहे. कोपर्निकसचा १५४३ चा ग्रंथ कुणी वाचलाच नाही, असे विधान लेखक आर्थर कोस्लर यांनी केले होते. १९७० मध्ये गिंजरिच यांनी एडिंबरा येथील वेधशाळेत एक प्रत पाहिली. ती सोळाव्या शतकातले खगोलज्ञ इरास्मस राइनहोल्ट यांच्या टिपांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत भरलेली होती. मग त्यांनी १५४३ आणि १५६६ या दोन्ही आवृत्त्यांच्या सापडतील तेवढ्या प्रती पाहायचे ठरवले. २००२ मध्ये त्यांची गणना प्रसिद्ध झाली, सुमारे ६०० प्रतींची. तिच्यातून दिसले की गुरूच्या टिपा शिष्य आपल्या प्रतीत उतरवून घेत होते, त्यांच्याकडून त्या पुढच्या शिष्यांकडे जात होत्या, आणि वाचकांची जाळी एका गावातून दुसऱ्या गावात पसरत गेली होती. १६२० मध्ये रोमच्या चर्चने ज्या ओळी दुरुस्त करायला सांगितल्या, त्या इटलीतल्या बहुसंख्य प्रतींत खोडलेल्या आहेत, तर बाहेरच्या देशांतल्या प्रतींत क्वचितच. हा निष्कर्ष एका प्रतीवरून काढणे अशक्य होते.

एकच प्रत दोनदा मोजली जाते तेव्हा

१८९० च्या एका लिलावयादीत एक प्रत आहे, १९२५ च्या दुसऱ्या यादीत एक, आणि आज एका विद्यापीठात एक आहे. या तीन प्रती की एकच? बांधणी बदलली जाते, बुकप्लेट निघते, त्यामुळे शब्दांतल्या वर्णनावर विसंबू नका. न बदलणाऱ्या गोष्टी जुळवा: गहाळ पत्रे, डागांचा आकार, फाटलेला कोपरा, हस्ताक्षर. उंची फक्त कमी होऊ शकते, वाढू शकत नाही. आजची प्रत जुन्या नोंदीपेक्षा उंच असेल तर ती दुसरी आहे, किंवा जुने माप पुठ्ठ्याचे आहे. जुन्या याद्यांत हा घोळ नेहमीचा आहे. निर्णय होत नसेल तर ‘बहुधा’ लिहून दोन्ही नोंदी जोडून ठेवा. ठावठिकाणा नसलेल्या प्रती यादीतून काढू नका. त्यांचा वेगळा विभाग करा.

किती प्रती मुळात छापल्या होत्या हे सांगायचा मोह होतो. करार, हिशेबवही किंवा त्या काळचे पत्र असेल तरच आकडा द्या. उरलेल्या प्रतींवरून छापलेल्या प्रती गुणाकाराने काढता येत नाहीत.

चोरी, नकली प्रती आणि खाजगी मालक

काळजीपूर्वक केलेली नोंद चोरीचा माल ओळखते. डरहॅम विद्यापीठातून १९९८ मध्ये चोरीला गेलेली पहिल्या फोलिओची प्रत २००८ मध्ये एका माणसाने फोल्जर ग्रंथालयात तपासायला आणली. बांधणी आणि काही पाने काढून टाकलेली होती. तरीही आधी नोंदवलेली मापे आणि तपशील यांवरून ती ओळखली गेली. कुठल्याही प्रतीची मापे घेताना तुम्ही हेच संरक्षण तयार करत असता.

नकलीची उदाहरणे आपल्या काळातलीही आहेत. गॅलिलिओच्या १६१० च्या ‘सिदेरेउस नुन्सिउस’ची चंद्राची रंगवलेली चित्रे असलेली एक प्रत बाजारात आली. जाणकारांनी ती अस्सल ठरवली, तिच्यावर ग्रंथही निघाला. २०१२ मध्ये निक वाइल्डिंग यांनी दाखवले की तिच्यावरचा शिक्का अस्सल शिक्क्याशी जुळत नाही, शीर्षकपानावरही विसंगती आहेत आणि सगळी प्रतच बनावट आहे. त्यांना ते दिसले, कारण त्यांनी ती प्रत एकटी न पाहता इतर प्रतींच्या शेजारी ठेवून पाहिली.

खाजगी मालकांच्या बाबतीत त्यांचे नाव, गाव आणि प्रतीची जागा परवानगीशिवाय छापू नका. ‘खाजगी संग्रह’ एवढे पुरते. बाकीचे वर्णन मात्र पूर्ण द्या. चोरीचा संशय आला तर मालकाशी वाद घालू नका. मूळ ग्रंथालयाला लेखी कळवा आणि छायाचित्रे जपून ठेवा.

प्रसिद्ध करताना

सगळी उत्तरे येण्याची वाट पाहू नका, ती कधीच येत नाहीत. एक तारीख ठरवा, ‘या दिवसापर्यंतची माहिती’ असे लिहा आणि यादी खुली करा. क्रम देश, शहर, संस्था असा ठेवा, पण प्रत्येक प्रतीला या क्रमाशी संबंध नसलेला कायमचा क्रमांक द्या. प्रत विकली गेली, संस्था बंद झाली तरी तो बदलत नाही. दोन नोंदी एकच प्रत निघाली, तर एक क्रमांक बाद करून तिथे ‘पाहा: अमुक’ असे लिहा आणि तो पुन्हा कुणाला देऊ नका. तुमची छायाचित्रे, ग्रंथालयांची पत्रे आणि मूळ स्प्रेडशीट एखाद्या ग्रंथालयाच्या दप्तरात ठेवा, आणि ज्या सामाईक याद्यांत तुम्ही शोध घेतलात त्यांना चुकीच्या नोंदींची यादी पाठवा. यादीच्या पहिल्याच पानावर, नवी प्रत सापडल्यास कुणाला आणि काय काय कळवावे, ते लिहा: बोधांक, शीर्षकपानाच्या पत्राची उंची, गहाळ पत्रे आणि पाच छायाचित्रे.